चांदोबाचा फोटो कोरा का आला?

कोजागिरीच्या दिवशी आमच्या घरी एक भांडण झालं. माझ्या भाचीचं आणि फोनचं!

दुपारची वेळ होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या घरात माझी आई माजघराच्या दाराशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या पाठीमागे उघडं दार, दारापलीकडे सोपा आणि सोप्यापलीकडे ऑक्टोबरच्या उन्हात तळपणारं अंगण. अंगणात तुळशीवृंदावन, दोरीवर वाळत घातलेली गोधडी, कडेला झेंडूची झाडं. भाचीनं माझा जुना फोन उचलला, “आजी, हलू नकोस हं!” म्हणाली आणि फोटो काढला.

फोटोत अंगण झकास आलं होतं. तुळस हिरवीगार, गोधडीचा टाका न् टाका दिसत होता. आणि आजी? आजीच्या जागी नुसती काळी आकृती! तिच्या हातातलं सूपसुद्धा काळं.

भाचीनं मग पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. लगेच आजी उजळली. कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसायला लागलं. पण आता अंगण गायब! तुळस नाही, गोधडी नाही, दाराबाहेर नुसता पांढराफटक उजेड.

“मावशी, मला दोन्ही दिसतंय ना. आजीचं गोंदणही दिसतंय आणि तुळसही. मग या फोनला का दिसत नाही?”

रात्री पुन्हा तेच. अंगणात चटया घातलेल्या, पातेल्यात दूध आटतंय, वर टपोरा चंद्र. चंद्रावरचा ससा अगदी स्पष्ट दिसत होता. भाचीनं फोटो काढला, तर काळ्या आकाशात एक पांढरा, कोरा ठिपका. ससा कुठेच नाही!

“हा फोन आंधळा आहे,” असं म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला.

दोस्तांनो, फोन आंधळा नाही. पण तो बघतो एका रीतीनं आणि आपला डोळा बघतो दुसऱ्याच रीतीनं. कॅमेरा उजेड मोजतो. डोळा उजेडाची तुलना करतो. या एवढ्याशा फरकात केवढ्या गमती दडल्यात, ते आज पाहू या.

पावसात मांडलेल्या वाट्या

समजा, पाऊस पडतोय आणि तुम्ही अंगणात वाट्यांची रांग मांडून ठेवलीत. जिथे धो धो पडतो तिथली वाटी लवकर भरते. झाडाच्या आडोशाला ठेवलेल्या वाटीत चार थेंब साठतात. थोड्या वेळानं सगळ्या वाट्या उचलायच्या आणि कुठल्या वाटीत किती पाणी आहे ते मोजायचं. झाला पावसाचा नकाशा तयार!

कॅमेऱ्याचा सेन्सर अगदी असंच करतो. त्याच्यावर लहान लहान वाट्या असतात, त्यांना म्हणतात पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे १ कोटी २० लाख वाट्या, आणि त्या सगळ्या मिळून तुमच्या करंगळीच्या नखाहूनही लहान जागेत! त्यांच्यात पाऊस पडतो तो प्रकाशाच्या कणांचा. प्रकाश पडला की वाटीत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, साठतात. दुप्पट प्रकाश पडला तर दुप्पट इलेक्ट्रॉन. दहापट पडला तर दहापट. हिशोब एकदम चोख.

प्रकाश असा साठवून मोजण्याची एक युक्ती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी शोधली. तिचं नाव सीसीडी. त्यासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या फोनमध्ये वेगळ्या घडणीचा सेन्सर असतो, पण प्रकाश साठवायचा आणि मोजायचा, हे काम तेच.

आता अडचण कुठे येते ते बघा. वाटी काठोकाठ भरली की पुढचा पाऊस वाहून जातो. मग तिथे थोडा जास्त पडला की खूप जास्त, हे कळणार कसं? सगळ्याच वाट्या सारख्या भरलेल्या! फोटोत ही भरून वाहणारी वाटी दिसते पांढरीफटक. आणि जिच्यात जेमतेम थेंबभर पाणी आहे ती दिसते काळी.

अंगणातली वाटी भरू नये म्हणून फोननं सगळ्या वाट्या झटकन उचलल्या, तेव्हा आजीच्या वाट्या रिकाम्याच राहिल्या. आजीच्या वाट्या भराव्यात म्हणून थोडं थांबला, तर अंगणातल्या वाट्या वाहून गेल्या. बिचारा फोन तरी काय करणार!

ऊन किती आणि चांदणं किती?

उजेड मोजायचं एक माप आहे, लक्स. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर कागद धरला की त्याच्यावर साधारण १ लक्स उजेड पडतो. आता हे आकडे बघा.

भर दुपारचं ऊन: सुमारे १,००,००० लक्स.
रात्री दिवा लावलेली घरातली खोली: सुमारे १०० लक्स.
पौर्णिमेचं चांदणं: जेमतेम पाव लक्स.

म्हणजे भर दुपारचं ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट! आणि गंमत म्हणजे आपण दोन्हींत वावरतो. उन्हात क्रिकेट खेळतो आणि चांदण्यात दुधाचा पेला न सांडता तोंडाला लावतो. चार लाख पटीचा फरक, पण आपल्याला तो तेवढा वाटतच नाही. वाटतं, ऊन जरा जास्त, चांदणं जरा कमी.

असं का होतं? त्यासाठी आधी दिवाळीकडे वळू या.

पणत्यांचं गणित

एका अंधाऱ्या खोलीत एक पणती लावा. आता दुसरी लावा. केवढा फरक पडतो! खोली एकदम उजळल्यासारखी वाटते.

आता विचार करा, खोलीत आधीच पन्नास पणत्या तेवतायत. त्यात एक्कावन्नावी लावली. कळेल कुणाला? आईनं सांगितलं तरच! उजेड दोन्ही वेळा तेवढाच वाढला, एका पणतीचा. पण डोळ्याला पहिल्यांदा तो खूप वाटला आणि दुसऱ्यांदा काहीच नाही.

डोळा विचारतो, “आधी किती होतं? त्याच्या मानानं किती वाढलं?” एका पणतीच्या दोन केल्या की जेवढा फरक वाटतो, साधारण तेवढाच फरक पुन्हा वाटायला दोनाच्या चार कराव्या लागतात. मग चाराच्या आठ, आठाच्या सोळा.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात एर्न्स्ट वेबर नावाच्या शास्त्रज्ञांना हेच वजनांच्या बाबतीत दिसलं होतं. तुम्हीही अनुभवलं असेल. रिकाम्या दप्तरात एक पुस्तक टाकलं तर लगेच कळतं, पण ठासून भरलेल्या दप्तरात तेच पुस्तक टाकलं तर पत्ता लागत नाही. त्याच शहरातले गुस्टाव फेख्नर यांनी या निरीक्षणाला गणितात बसवलं. १८५० सालच्या २२ ऑक्टोबरला सकाळी, अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना ही कल्पना सुचली आणि १८६० साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. जगातला उजेड गुणाकारानं वाढतो तेव्हा आपल्या मनात तो बेरजेनं वाढतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या शास्त्रज्ञांनी गणितात दुरुस्त्या केल्या, पण मूळ गोष्ट टिकली.

फेख्नर यांची एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. डोळ्यांचा अभ्यास करताना ते रंगीत काचांमधून सूर्याकडे बघत. त्यानं त्यांचे डोळे इतके बिघडले की कितीतरी महिने त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. तेव्हा प्रयोग कुठलाही करा, सूर्याकडे बघायचं नाही. चष्म्यातून नाही, काचेतून नाही, कशातूनच नाही.

ताऱ्यांच्या सहा पायऱ्या

हीच गंमत आकाशातही सापडली. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीसमधले हिप्पार्कस यांनी नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांच्या सहा प्रती लावल्या असं मानतात. सगळ्यात ठळक तारे पहिल्या प्रतीचे, कसेबसे दिसणारे सहाव्या प्रतीचे. एकेक पायरी सारखीच, असं डोळ्याला वाटे.

पुढे उपकरणांनी तो प्रकाश मोजला, तर पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या जवळजवळ १०० पट तेजस्वी निघाला! डोळ्याला जी एकच पायरी वाटत होती, ती खरं म्हणजे सुमारे अडीच पट होती. १८५६ साली नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट, असंच ठरवून टाकू या. आजही तेच माप चालतं. हे पॉग्सन पुढे आपल्या मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथूनच १८६१ साली त्यांनी एक लघुग्रह शोधला आणि त्याचं नाव ठेवलं एशिया, म्हणजे आशिया!

बाहुली आणि तिची मंडळी

ऊन आणि चांदणं, दोन्ही सांभाळणं डोळ्याला जमतं कसं? पहिली मदत बाहुलीची. आरशासमोर उभं राहा, एक मिनिट हातानं डोळे झाका आणि झटकन हात काढा. डोळ्याच्या मधलं काळं वर्तुळ, म्हणजेच ही बाहुली, बारीक होताना दिसेल. अंधारात ते सुमारे ८ मिलिमीटर रुंद होऊ शकतं, उन्हात २ मिलिमीटरपर्यंत आवळतं. रुंदी चौपट, म्हणजे आत येणारा प्रकाश सोळापट कमी-जास्त.

पण फरक तर चार लाख पटीचा होता. सोळापटीनं काय होणार? उरलेलं मोठं काम डोळ्याच्या आतला पडदा करतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. तिथे दोन जातीच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख, त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. दंडपेशी मात्र दहा-बारा कोटींच्या घरात. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत. म्हणून तर चांदण्यात लाल फ्रॉक आणि हिरवा फ्रॉक, दोन्ही करडेच दिसतात.

दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन असतं. उजेडात ते विरंजन पावतं, म्हणजे फिकं पडतं. अंधारात ते हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला वेळ लागतो. सिनेमाच्या थिएटरात उशिरा शिरलात की आधी काहीच दिसत नाही, लोकांच्या पायांवर पाय पडतात आणि थोड्या वेळानं खुर्च्यांचे नंबरसुद्धा दिसायला लागतात. डोळे पुरते सरावायला अर्धा तासही लागतो.

आणखी एक गंमत संध्याकाळी बघा. दुपारी लाल जास्वंद कशी उठून दिसते! दिवेलागणीला मात्र तीच काळपट होते आणि तिची पानं तिच्यापेक्षा उजळ वाटायला लागतात. कारण तोवर कारभार दंडपेशींकडे गेलेला असतो आणि त्यांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही. बोहेमियात जन्मलेले शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ साली हे टिपून ठेवलं.

करून पाहा: रात्री दिव्याखाली बसून एक डोळा दहा मिनिटं तळहातानं नीट झाकून ठेवा. मग घरच्यांना सांगून दिवा घालवा आणि आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यानं बघा. झाकलेल्या डोळ्याला खोली दिसेल, उघड्या डोळ्याला मिट्ट काळोख! दोन डोळे, एकच खोली, आणि उजेड मात्र वेगवेगळा.

छत्री पांढरी की कागद?

आता सगळ्यात मोठं कोडं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाचीला विचारलं, “अंगणात उन्हात काळी छत्री उघडून ठेवली आहे. आणि इथे माजघराच्या आतल्या कोपऱ्यात हा पांढरा कागद. जास्त प्रकाश कुठून येतोय?”

“कागदाकडून! पांढरा आहे ना तो.”

“हिशोब करू. उन्हात १,००,००० लक्स. काळं कापड त्यातला जवळजवळ सगळा उजेड गिळतं, १०० मधला फार तर ४ भाग परत पाठवतं. किती झाले?”

“चार हजार.”

“कोपऱ्यात १०० लक्स. कागद १०० मधला ८० भाग परत पाठवतो.”

“ऐंशी.” मग तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे छत्री कागदाच्या पन्नास पट?”

तिचा विश्वास बसेना. मग आम्ही पुठ्ठ्याची लांब नळी केली. माजघरात उभं राहून एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं नळीतून बघायचं, असं की नळीत छत्रीचं कापड सोडून दुसरं काहीच दिसू नये. आधी छत्री बघितली, मग कागद. नळीतली छत्री चक्क लख्ख दिसत होती आणि कागद मळकट! नळी काढली की छत्री पुन्हा काळी आणि कागद पुन्हा पांढरा. तिनं हे दहा वेळा केलं.

नळीनं काय केलं? छत्रीच्या शेजारचं अंगण झाकून टाकलं. डोळ्याची तुलनाच बंद पडली! एरवी डोळा आणि मेंदू मिळून शेजारीपाजारी बघतात. छत्री तिच्या आजूबाजूच्या उन्हापेक्षा खूप काळी आहे, म्हणजे ती काळी. कागद त्याच्या कोपऱ्यातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा उजळ आहे, म्हणजे तो पांढरा. आणि हे बरंच आहे. नाहीतर पांढरी मांजर सावलीत गेली की आपल्याला वाटलं असतं, दुसरीच काळी मांजर आली!

१९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी याच गोष्टीवर एक चित्र काढलं. बुद्धिबळासारखा पट आणि त्यावर एका नळकांड्याची सावली. उन्हातला एक काळा चौकोन आणि सावलीतला एक पांढरा चौकोन छपाईत अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत. आपण कितीही ठरवलं तरी ते सारखे दिसत नाहीत. घरच्या मोठ्यांना सांगून हे चित्र नक्की बघा आणि कागदाला दोन भोकं पाडून पडताळून पाहा.

म्हैस, बैल आणि करडा पुठ्ठा

कॅमेऱ्याला मात्र शेजारपाजार कळत नाही. किती उजेड घ्यायचा हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. साध्या कॅमेऱ्याला शिकवलेलं असतं, “समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं असेल असं धरून चाल.” हा मधला करडा म्हणजे १०० भागांतला फक्त १८ भाग उजेड परत पाठवणारा. ५० नाही, १८! कारण आपल्या डोळ्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्ये तोच वाटतो. पणत्यांचं गणित इथेही हजर आहे.

आता गंमत बघा. पांढऱ्याशुभ्र खिल्लार बैलाच्या अगदी जवळ जाऊन साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढा, सगळ्या फोटोत बैलच बैल. कॅमेऱ्याला वाटतं, फार उजेड झाला, कमी करा. आणि बैल येतो मळकट. तसाच काळ्याभोर म्हशीचा काढा. कॅमेऱ्याला वाटतं, फार अंधार आहे, वाढवा. आणि म्हैस येते राखाडी. बैल आणि म्हैस दोघंही त्याच मधल्या करड्या रंगाचे!

उपाय सोपा आहे. पडद्यावर बोट टेकवलं की बऱ्याच फोनांत शेजारी छोटं सूर्याचं चित्र येतं. बैलासाठी ते वर सरकवा, म्हशीसाठी खाली.

आणि फोटो तयार करताना फोन आणखी एक काम करतो. सेन्सरनं मोजलेले चोख आकडे जसेच्या तसे पडद्यावर दाखवले, तर फोटो भलताच काळपट दिसतो. म्हणून अंधाऱ्या भागांना तो जरा वर उचलून घेतो. मोजतो स्वतःच्या रीतीनं, पण दाखवतो आपल्या डोळ्याच्या रीतीनं.

डोळा गोधडी शिवतो

आता आजीच्या फोटोकडे परत येऊ. तुळस आणि गोंदण, दोन्ही आपल्याला एकदम दिसतात असं भाचीला वाटलं होतं. खरं तर एकदम काहीच दिसत नाही!

हात लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाची जेवढी रुंदी, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी बारकाईनं दिसतो. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सारखा उड्या मारतो, सेकंदाला साधारण तीन. आजीवर आला की आजीपुरता उजेड सांभाळतो, तुळशीवर गेला की तुळशीपुरता. प्रत्येक ठिकाणचा एकेक तुकडा घेतो आणि मेंदू ते तुकडे टाके घालून जोडतो. दोरीवरची आमची गोधडी आईनं अशीच शिवलेली आहे: जुन्या लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, फ्रॉकचा तुकडा. लांबून बघाल तर एकच पांघरूण.

नवे फोन आता हेच शिकलेत. ते एका क्षणात कमी उजेडाचे आणि जास्त उजेडाचे असे काही फोटो काढतात. अंगण एकातून घेतात, आजी दुसऱ्यातून आणि जोडून देतात. याला एचडीआर म्हणतात. म्हणजे फोनही गोधडी शिवायला लागला!

पण कॅमेऱ्याजवळ एक गोष्ट अशी आहे, जी डोळ्याला जमत नाही. वाट पाहणं. डोळा आपली वाटी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागातच रिकामी करतो. तुम्ही काळ्या आकाशाकडे तासभर टक लावून बसलात, तरी उजेड साठत नाही. कॅमेरा मात्र वाट्या हव्या तितका वेळ पावसात ठेवू शकतो. मग डोळ्याला कधीच न दिसणारे तारेही त्याच्या वाटीत थेंब थेंब जमतात. फ्रान्समधले नीएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास घराच्या खिडकीतून काढलेला फोटो आजही जपून ठेवलेला आहे. त्यासाठी इतके तास लागले की समोरासमोरच्या भिंतींवर, दोन्हीकडे ऊन दिसतं. सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन एकाच चित्रात! असं दृश्य कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आणि ससा सापडला

त्या रात्री आम्ही पुन्हा अंगणात आलो. भाचीनं फोन चंद्राकडे धरला.

“थांब,” मी म्हटलं. “फोनला सगळीकडे काळं आकाश दिसतंय. म्हशीसारखं! म्हणून तो जास्त उजेड घेतोय आणि चंद्राच्या वाट्या वाहून जातायत. पण चंद्रावर आत्ता काय आहे? ऊन! तिथे भरदिवस आहे. मग फोटो कसा काढायचा?”

“उन्हातला काढतो तसा!” तिनं चंद्रावर बोट टेकवलं आणि छोटा सूर्य खाली, अगदी खाली सरकवला. पांढरा ठिपका हळूहळू लहान झाला, करडा झाला आणि त्यावर काळसर डाग उमटले. ससा!

“पण मावशी, हा तर करडा दिसतोय. चांदोबा पांढरा असतो ना?”

दोस्तांनो, फोन खरं सांगत होता. चंद्रावर पडलेल्या उजेडातला १०० मधला साधारण १२ भागच परत येतो. झिजलेला डांबरी रस्ता असतो ना, जवळपास तेवढाच. आपल्याला तो दुधासारखा दिसतो, कारण त्याच्या शेजारी आहे काळंकुट्ट आकाश आणि आपला डोळा शेजारी बघून ठरवतो. उन्हातल्या छत्रीला कधी काळ्या आभाळाचा शेजार मिळाला, तर तीही चांदण्यासारखी चमकेल.

आणि तो ससा? ते डाग म्हणजे चंद्रावरची काळसर मैदानं. १९६९ साली अपोलो ११ मधले अंतराळवीर चंद्रावरच्या अशाच एका काळसर मैदानावर उतरले. तिथून त्यांनी आणलेल्या दगडांत बेसॉल्ट होता. तापलेला लाव्हा थंड होऊन झालेला खडक. आपला सह्याद्री याच जातीच्या खडकाचा आहे, आणि आमच्या सोप्याची काळी पायरीसुद्धा.

भाची त्याच पायरीवर बसली होती, हातात दुधाचा पेला. तिनं पायरीवरून हात फिरवला, मग वर बघितलं. पुन्हा पायरीकडे, पुन्हा वर.

“आजी,” तिनं आत हाक मारली, “बाहेर ये ना. तुला चांदोबातला एक दगड दाखवते!”